नळीवरचा अभ्रा

गॅसच्या नळीवर अभ्रा होता. उशीला घालतो तसाच, फक्त चार बोटं रुंद आणि तीन हात लांब. जुन्या इरकली साडीचा काठ उलगडून शिवलेला, दोन्ही टोकांना नाडी ओवलेली. पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत पाइपच्या गॅसची जोडणी चालू होती. फिटर शेगडीमागे वाकला आणि म्हणाला, "काकू, हे काढावं लागेल." काकू म्हणाल्या, "अरे, उंदीर कुरतडतात म्हणून घातलंय ते. आणि ते केशरी रबर ओट्यामागे बरं नाही दिसत." त्याने नाडी सोडली, अभ्रा सरकवला. रेग्युलेटरपासून चार बोटांवर, नळी जिथे खाली वळते तिथे, रबर भेगाळलेल्या टाचेसारखं झालं होतं. नळी जराशी वाकवली की भेगा उघडत आणि सोडली की मिटत. छापलेलं वर्ष पुसट झालं होतं, तरी वाचता आलं : २०११. त्याने वाटीत साबणाचा फेस केला आणि ब्रशने त्या वळणावर लावला. मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला आणि थोड्या वेळाने त्याच जागी पुन्हा आला.

नळ्या जुन्या होतातच, त्यात नवल नाही. मनात रुतून बसलं ते काकूंचं पुढचं वाक्य. नाडी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "दर पंधरा दिवसांनी धुते रे मी हा."

म्हणजे महिन्यातून दोनदा त्या नळीला माणसाचा हात लागत होता.

मराठीत आपण या सगळ्याच प्रकरणाला एकच शब्द वापरतो. गॅस आला, म्हणजे भरलेली टाकी दारात आली. गॅस पुसून घे, म्हणजे शेगडी पूस. गॅस बारीक कर, म्हणजे ज्योत. गॅसचा वास येतोय, तेव्हा मात्र खरा गॅस. टाकी, व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, नळी, कॉक, जेट, बर्नर अशी ही सात मुक्कामांची वाट आहे, आणि प्रत्येक मुक्कामावर बिघडण्याची तऱ्हा वेगळी. पण शब्द एकच असल्यामुळे नजरेलाही एकच वस्तू दिसते, आणि भीतीसुद्धा तिच्यातल्या सगळ्यात मोठ्या तुकड्यावर जाऊन बसते. आपण टाकीला भितो. लहान मुलाला तिच्यापासून लांब बसवतो, तिच्यावर फुलाफुलांचा फ्रॉक चढवतो. खरं तर त्या वाटेवरचा सगळ्यात भक्कम मुक्काम टाकीच आहे. घरगुती टाकीत १४.२ किलो द्रव गॅस असतो. आतला दाब आपल्या हवेत वातावरणाच्या साधारण पाच ते आठ पट. पोलाद मात्र चौरस सेंटिमीटरला २५ किलोचा दाब देऊन तपासलेलं असतं. पुढच्या तपासणीची तारीख वरच्या कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्टीच्या आतल्या अंगाला रंगवलेली असते : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्षाचे दोन आकडे. तिमाही उलटून गेलेली टाकी दारातूनच परत पाठवायची. ती पट्टी वाचायला पाच सेकंद लागतात. आपण मात्र पावतीवरची रक्कम वाचतो आणि दार लावून घेतो.

रेग्युलेटरच्या पुढे दाब किती उरतो, हे पाहण्यासारखं आहे. चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम. एक फुटपट्टी उभी बुडेल एवढ्या पाण्याच्या तळाशी जेवढा दाब असतो, तेवढाच. एवढ्या मवाळ दाबाने गॅस नळीतून शेगडीपर्यंत जातो, म्हणून रबराची नळी पुरते. पण मवाळ दाबाचा गॅस भेगेतून सूं करत निघत नाही. तो गुपचूप झिरपतो. ऐकू येत नाही, दिसत नाही, आणि नळीवर कापड असेल तर फेसाचा बुडबुडाही दिसत नाही.

नळीला भेगा का पडतात? शेगडीची धग, फोडणीच्या तेलाचे उडणारे कण, ओटा पुसताना लागणारा सोडा, आणि आतून सतत लागणारा गॅस, हे सगळं मिळून रबरातला मऊपणा काढून घेतं. पहिल्यांदा कडक होतात ती दोन टोकं, कारण तिथे नळी नोझलवर ताणून बसवलेली असते. मग वळणं. आयएसआय खुणेची केशरी सुरक्षा नळी तारेची जाळी गुंफलेली असते. उंदराचे दात त्या तारेवर अडावेत यासाठीच ती जाळी आहे, म्हणजे अभ्र्याचं काम नळीच्या पोटातच आधी करून ठेवलेलं असतं. तिचं आयुष्य पाच वर्षं. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. ती नोझलवर शेवटपर्यंत चढली पाहिजे, नोझलचा एकही कंगोरा उघडा दिसता कामा नये. टोक कडक झालं म्हणून तेवढाच तुकडा कापून पुन्हा बसवणं ही घरोघरची सवय आहे आणि ती वाईट आहे. टोक म्हातारं झालं असेल तर बाकीची नळीही त्याच वयाची आहे. चढत नाही म्हणून टोक ज्योतीवर शेकणं, घट्ट बसावं म्हणून तारेचा पीळ देणं किंवा स्क्रूची पट्टी रबरात रुतेपर्यंत आवळणं, यातलं काहीच करायचं नाही. नळीला मध्येच तीन तोंडांचा जोड लावून गिझरला गॅस न्यायचा नाही. नळी भिंतीतून आरपार न्यायची नाही. शेगडीच्या पोटाखालून तर नाहीच, कारण तिथला पत्रा भाकऱ्या भाजून होईपर्यंत किती तापतो हे हात लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि तिच्यावर काहीही घालायचं नाही. कापड नाही, प्लास्टिक नाही, चांदीचा कागद नाही. नळी कुरूप दिसली तर दिसू द्यावी, कारण ती दिसत राहणं यातच तिची अर्धी तपासणी होऊन जाते.

टाकी बदलण्याचा क्षणही असाच घाईत जातो. घरात कुणीतरी एक जण या कामात तरबेज मानलेला असतो, त्याला हाक मारली जाते आणि खट् असा आवाज झाला की सगळे पांगतात. व्हॉल्व्हच्या तोंडात एक काळी रबरी रिंग असते, करंगळीतल्या अंगठीहून लहान. रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली सगळी अडवणूक ती एकटी करते. टोपी काढली की आधी तिच्याकडे बघायचं : आहे का, फाटली आहे का, तिच्यावर कचरा आहे का. बोट किंवा काडी घालून चाचपायचं नाही, उजेडात वाकून बघायचं. मग टाकी आणणाऱ्या माणसासमोरच व्हॉल्व्हच्या तोंडात थोडं पाणी सोडायचं. बुडबुडे आले तर मधली पिन गळते आहे, टोपी पुन्हा लावून टाकी परत. पाणी पुसून रेग्युलेटर बसवताना त्याची चावी बंद हवी. खालचं कडं वर धरून सरळ दाबायचं आणि कडं सोडायचं. नंतर हलक्या हाताने वर ओढून पाहायचं. चावी फिरवल्यावर त्या सांध्यावर फेस लावायचा. नव्या टाकीला नवा सांधा तयार होतो, म्हणून हे दर वेळी. ती दोरीची प्लास्टिक टोपी फेकायची नाही, टाकीच्या कड्याला बांधलेलीच राहू द्यायची. मध्यरात्री गळती लागली तर रेग्युलेटर काढून व्हॉल्व्हवर चढवायला तीच लागते. रेग्युलेटरच्या अंगावर एक बारीक भोक असतं, आतल्या पडद्याला श्वास घेण्यासाठी. त्यात तेलकट धूळ बसली की दाब बिघडतो आणि ज्योत कधी मोठी, कधी मलूल होते. असा रेग्युलेटर उघडून दुरुस्त करायचा नसतो, वितरकाकडून बदलून घ्यायचा असतो.

वासाबद्दल थोडं थांबायला हवं, कारण आपला सगळा भरवसा नाकावर आहे. एलपीजीला स्वतःचा म्हणावा असा वास जवळजवळ नसतो. जो येतो तो मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. गॅस पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या साधारण पाचव्या हिश्शावरच तो नाकाला कळावा, इतका मिसळतात. मरकॅप्टनचा उत्कलनबिंदू ३५ अंश, प्रोपेनचा उणे ४२, ब्यूटेनचा शून्याच्या जरासा खाली. त्यामुळे टाकी वापरताना हलका भाग आधी निघून जातो आणि मरकॅप्टन तळच्या द्रवात मागे राहत जातो. टाकी संपत आली की वास वाढतो, तो यामुळे. आज्जी ओट्याशी उभी राहून "टाकी संपत आली ग, वास यायला लागला" म्हणते, तेव्हा तिचं निरीक्षण अगदी बरोबर असतं. धोका असा की हेच वाक्य खऱ्या गळतीलाही लागू केलं जातं. वास आला, म्हणजे टाकी संपत आली असेल, उद्या नंबर लावू. शिवाय नाक सवयीचं होतं. दहा-पंधरा मिनिटं त्याच वासात बसलेल्या माणसाला तो येईनासा होतो. वय झालं की नाक मंदावतं, सर्दीत बंद होतं, आणि करोनानंतर कित्येकांचं पूर्ववत झालंच नाही. अशा घरात बाहेरून आलेल्या माणसाने "वास येतोय" म्हटलं तर "छे, आम्हाला नाही येत" असं म्हणून त्याला गप्प करू नये.

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. तो पाण्यासारखा वागतो : खाली उतरतो, कोपऱ्यात साचतो, नहाणी ट्रॅपकडे ओघळतो. आता हा हिशेब बघा. दूध उतू गेलं, बारीक बर्नर विझला, आणि घरचे अंगणात कुणाशी तरी बोलत उभे राहिले. बारीक बर्नर तासाला साधारण १५० ग्रॅम गॅस सोडतो. आठ बाय दहा फुटांच्या, नऊ फूट उंच स्वयंपाकघरात तो गॅस समान पसरला, तर पेट घेण्याइतका दाट व्हायला, म्हणजे हवेत पावणेदोन-दोन टक्के व्हायला, पाचेक तास लागतील. हे ऐकून हायसं वाटतं. पण तो समान पसरतच नाही. तो जमिनीलगत फूटभर थरात राहिला तर ९० ग्रॅमच पुरतात, आणि ९० ग्रॅम पस्तीस-चाळीस मिनिटांत निघतात. नाकाच्या उंचीवर वास जेमतेम असतो आणि घोट्यापाशी पेटण्याची तयारी झालेली असते. म्हणून ओट्याखाली टाकीशेजारी देव्हारा आणि त्यात तेवती समई, ही मांडणी काळजात धस्स करते. कितीतरी एका खोलीच्या घरांत ती आहे, जागाच तेवढी असते आणि देव उंबऱ्याबाहेर ठेवता येत नाहीत. तरी समई ओट्याच्या उंचीच्या वर आणि टाकीपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यावी, एवढं करता येतंच. आणि नवी शेगडी घ्यायची झाली तर ज्योत विझल्यावर आपोआप गॅस तोडणारी घ्यावी. तिच्यात बर्नरपाशी एक बारीक कांडी असते, ती गार झाली की झडप बंद होते. पेटवताना बटण चार-पाच सेकंद दाबून धरावं लागतं, तेवढी कटकट सोसावी.

मॉड्युलर किचनवाल्यांशी मात्र भांडायला हवं. टाकी चाकांच्या ट्रॉलीवर, ट्रॉली कपाटात, कपाटाला घट्ट बसणारी दारं, वर चुंबक. जड गॅस साचायला याहून चांगला हौद शोधून सापडणार नाही. दारांना तळाशी आणि वर जाळीची भोकं हवीत, आणि तळाची जाळी जमिनीला लागूनच हवी, शोभेसाठी वीतभर वर घेतलेली नको. त्याच कपाटात वॉटर प्युरिफायरचं सॉकेट नको. हल्ली टाकी ड्राय बाल्कनीत ठेवून तांब्याचा पाइप ओट्यापर्यंत आणतात. ती पद्धत चांगली, जर भिंत ओलांडताना पाइपला बाहेरून दुसऱ्या पाइपचं म्यान असेल आणि एकही सांधा भिंतीत गाडलेला नसेल तर. फरशी बसवणारा, सुतार आणि प्लंबर यांच्या घाईत सांधा हमखास टाइलमागे जातो, आणि पुढे तिथे फेस लावायला कुणाचा हात पोचत नाही. पाण्याच्या नळाला चालतं तसं सूत आणि सफेदा लावून गॅसचा आटा बसवणंही तितकंच वाईट. पाणी सुताला ओलं ठेवतं, कोरडा गॅस त्याला वाळवतो, आणि वाळलेलं सूत आकसतं. गॅससाठीची जाड पिवळी टेप किंवा गॅससाठीचंच सीलंट लागतं. काम झाल्यावर लाइनीत हवा भरून दाबाचा काटा ढळतो का ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ज्योत स्वतः बरंच बोलते. निळी, ताठ, आतला सुळका स्पष्ट असलेली ज्योत म्हणजे हवा पुरेशी. टोकाला पिवळी, लपलपणारी आणि पातेल्याचं बूड काळं करणारी ज्योत म्हणजे हवा कमी. जेटच्या मिलिमीटरभरही नसलेल्या भोकातून गॅस जोरात निघतो आणि त्या जोराने शेजारची हवा आपल्यासोबत नळकांड्यात ओढून घेतो. त्या नळकांड्यात झुरळाचं पिल्लू, कोळ्याचं जाळं, उतू गेलेल्या वरणाचा वाळलेला पापुद्रा, काहीही अडकलं की हवा कमी पडते, कधी ज्योत आतल्या आत भक्कन पेटते. बर्नरची भोकं सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून, घासून, पूर्ण वाळवून घ्यावीत. जेटमध्ये मात्र सुई घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गॅस कायमचा जास्त येतो. कॉक जड फिरायला लागला की आतलं ग्रीस सुकलेलं असतं. तिथे खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडतात, चार दिवस बरं वाटतं, मग तेल धगीने वाळतं आणि बटणाच्या दांडीभोवतीनं गॅस येऊ लागतो. उष्णता सोसणारं ग्रीस माहीतगाराकडूनच भरून घ्यावं. दिवाळीच्या साफसफाईत शेगडी ओढून, उलटी करून, धुऊन परत सरकवली जाते. त्यात नळीला पीळ पडतो, टोक अर्धा सेंटिमीटर निसटतं. फराळाला बसण्याआधी एकदा फेसाची वाटी फिरवावी : रेग्युलेटरचा सांधा, नळीचं पहिलं टोक, सगळी नळी, दुसरं टोक, प्रत्येक बटणाच्या मुळाशी. आगकाडीने तपासायचं नाही, हे अजूनही सांगावं लागतं.

आणि रात्री रेग्युलेटर बंद करणं. जमलं तर ज्योत चालू असतानाच रेग्युलेटर बंद करावा, नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप मालवते, मग कॉक बंद करावा. रात्रभर नळीत दाब राहत नाही.

वास आलाच तर काय करायचं हे सगळ्यांना पाठ असतं, पण हात पाठ केलेलं ऐकत नाहीत, अंधारात ते सवयीने बटणाकडेच जातात. दिवा लावायचा नाही आणि चालू असलेला बंदही करायचा नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडते. एक्झॉस्ट पंखा नाही. फ्रीजचा प्लग ओढायचा नाही. रेग्युलेटर बंद, देवापुढचा दिवा शांत, दारं-खिडक्या सताड उघड्या, आणि जमिनीलगतची हवा बाहेर जाईल असं दार आधी. माणसं बाहेर काढायची आणि फोन जिन्यात, शक्यतो खाली उतरून करायचा : १९०६. हा क्रमांक ओट्यावरच्या भिंतीवर लिहिलेला असावा, मोबाइलमध्ये साठवलेला पुरत नाही, कारण मोबाइल बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच चार्जिंगला लावलेला असतो.

पाइपचा गॅस आला की लोकांना वाटतं हे सगळं संपलं. थोडं संपतं, थोडं उलटं होतं. पाइपातला गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, जवळजवळ निम्म्या वजनाचा. तो छताकडे जातो. ज्या घराने टाकीसाठी खाली जाळी ठेवली, त्याला आता वर उघडी जागा लागते, आणि नेमकी ती जागा स्लायडिंगच्या काचांनी आणि एसीच्या थर्माकोलने बंद झालेली असते. घरातला दाब २१ मिलिबार, टाकीच्या रेग्युलेटरपेक्षाही कमी, आणि घनमीटरमागे उष्णताही एलपीजीपेक्षा बरीच कमी. म्हणून शेगडीचे जेट बदलतात. नव्या जेटचं भोक व्यासाने सव्वा ते दीड पट मोठं असतं. इथे एक गोष्ट लक्षात राहत नाही : पुण्या-मुंबईत पाइपावर चाललेली शेगडी पुढे गावाकडच्या घरी पाठवली जाते आणि तिथे टाकीला जोडली जाते. मोठ्या भोकातून दाबाने जास्त आणि उष्णतेने भारी गॅस आला की हातभर पिवळी ज्योत उठते. काढलेले जुने जेट पुडीत बांधून शेगडीलाच चिकटवून ठेवावेत. मीटरवर लाल आकडे असतात, ते घनमीटरच्या खालच्या अंशांचे. रात्री सगळे कॉक बंद करून पण मीटरपाशी पुरवठा चालू ठेवून ते टिपून ठेवावेत आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहावेत. एकही आकडा हलला तर गळती आहे. झडपेची दांडी पाइपला समांतर म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद, हे घरातल्या लहानात लहान मुलालाही ठाऊक हवं. आणि त्या पिवळ्या पाइपावर कपडे वाळत घालू नयेत, त्याला प्लायवूडच्या पेटीत कोंडू नये. तोही एक अभ्राच.

सगळ्यात जास्त जीव कासावीस होतो तो बाथरूममधल्या गॅस गिझरपाशी. तिथे नाक काही कामाचं नाही, नळी नवी असून उपयोग नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचं तर तासाला किलोभर गॅस जळतो, म्हणजे शेगडीचे सहा-सात बारीक बर्नर एकदम पेटवल्यासारखं. एक किलो गॅस पुरता जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांचं, आठ फूट उंच बाथरूम म्हणजे साडेपाच घनमीटर हवा. दहा मिनिटांच्या अंघोळीत त्यातली चाळीस टक्के एकट्या गिझरला हवी असते. खिडकी थंडीमुळे लावलेली, दाराखालच्या फटीत पायपुसणं सरकवलेलं. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट ओढीने धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, पाय गळून जातात, आणि आपल्याकडे त्याला पित्त म्हणतात. अंघोळ करून आलं की पित्त होतं, असं कुणी सांगितलं तर आधी विचारावं : गिझर कुठे आहे? माणूस बाहेर आला की बरं वाटतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पाय गळाले की कडीपर्यंत हात पोचत नाही, आणि कडी आतून असते.

गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या गॅलरीत बसवावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप न्यावा. याला दुसरा पर्याय सांगायला मन धजत नाही. जिथे आत बसलेलाच आहे, तिथे धूर बाहेर नेणारा पाइप हवा, बंद न होणारी वरची जाळी हवी, दाराच्या तळाशी हवा यायला जागा हवी. एक्झॉस्ट पंखा लावला म्हणून निभावत नाही, हवा यायला वाट नसेल तर तो धुराड्यातलाच धूर मागे खेचतो. बोअरच्या जड पाण्याने आतल्या नळ्यांना क्षार धरतात, वरच्या पत्र्यांना काजळी धरते, ज्योत पिवळी पडते, आणि हे सगळं पत्र्याच्या देखण्या पेटीआड चालतं. थंडी सुरू होण्याआधी दर वर्षी ती पेटी उघडून साफ करून घ्यावी. अंघोळ आधी बादली भरून, गिझर बंद करून करावी. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना कडी लावू देऊ नये, लाज राखायला पडदा पुरतो.

त्या दिवशी फिटरने काकूंची जुनी नळी काढून कापून टाकली, कुणी पुन्हा वापरू नये म्हणून. जेट बदलले, नवी नळी नोझलवर शेवटपर्यंत चढवली आणि वाटीतला उरलेला फेस प्रत्येक सांध्याला लावला. मग दोघंही काही न बोलता वाकून बघत राहिले. फेस हळूहळू बसला, पाणी होऊन ओघळलं. बुडबुडा आला नाही. त्याने खिशातून मार्कर काढून नळीवर महिना आणि वर्ष मोठ्या आकड्यांत लिहिलं. काकूंनी चष्मा लावून ते वाचलं आणि त्यात पाच मिळवून पुढचं वर्ष स्वतःशीच पुटपुटलं. अभ्रा अजून त्यांच्या हातात होता, घडी घातलेला. काठ अजून चांगला होता, रंगही गेला नव्हता. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, परत उचलला, लाटण्याला लावून पाहिला. लांब होत होता.

"कापून दोन होतील," त्या म्हणाल्या आणि कात्री शोधायला आत गेल्या.